गणेश पेठेतला मासळी बाजार : भाव बाजूला ठेवून, लांबी मोजून केलेलं परीक्षण

पुण्याच्या वर्तमानपत्रांत बाजारभाव छापून येतात, त्यात मासळीच्या रकान्यात पापलेटापुढे पाच शब्द असतात : कापरी, मोठे, मध्यम, लहान, भिला. वाचणाऱ्याला ती किमतीची उतरंड वाटते. खरं तर ती वयाचीही उतरंड आहे. कापरी म्हणजे पूर्ण वाढलेला, विणीचे हंगाम पाहिलेला मासा. भिला म्हणजे बहुतेक वेळा एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. म्हणजे समुद्रातल्या पापलेटांची लोकसंख्या कशी आहे याचा एक कच्चा तक्ता गणेश पेठेच्या फळ्यांवर रोज मांडलेला असतो, आणि तो वाचायला मत्स्यशास्त्राची पदवी लागत नाही.

ताजेपणा, भाव आणि घासाघीस या तिन्ही बाबतींत या बाजाराबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. इथे प्रश्न वेगळा आहे : या बाजारात उभं राहून, समुद्रात-नदीत असलेल्या माशांच्या ज्या साठ्यातून मासा आला तो साठा टिकेल अशी खरेदी करता येते का? येते. पुण्यात त्यासाठी याहून चांगली जागा नाही, कारण इथे मासा अख्खा दिसतो. डोकं, शेपटी, पोट, लांबी, सगळं डोळ्यांसमोर असतं. पाकिटातल्या तुकड्यांवरून यातलं काहीच कळत नाही. बाजाराचा सर्वांत मोठा दोषही इथेच सांगून ठेवतो : मासा कुठल्या बंदरातून आणि कुठल्या जाळ्यातून आला, हे कुठेही लिहिलेलं नसतं.

आवकेचे आकडे पाहिले तर पहिलीच गोष्ट डोळ्यांत भरते. रविवारी खोल समुद्रातली मासळी साधारण दहा टनांच्या आसपास, खाडीची आणि नदीची काही शे किलो, आणि आंध्र प्रदेशातून येणारी रोहू-कटला मंडळी पंधरा-वीस टन. म्हणजे पुणेकर समुद्राच्या माशापेक्षा तळ्यात वाढवलेला मासा जास्त खातो. समुद्राच्या साठ्यांवरचा भार त्याने हलका होतो. पण समुद्राच्या दहा टनांत काय निवडायचं, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

पापलेटापासून सुरुवात करू, कारण तो महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. २०२३ मध्ये त्याला हा मान मिळाला आणि त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे, बोंबलासाठी १८० आणि सुरमईसाठी ३७०. आता बाजारात कोणी फूटपट्टी घेऊन जात नाही. पण खिशात मोबाइल असतो आणि आजकालचा मोबाइल साधारण १६ सेंटिमीटर लांब असतो. पापलेट मोबाइलपेक्षा आखूड असेल तर तो कायद्याच्या मर्यादेत असला तरी काठावरच आहे. वजनाने मोजायचं तर किलोला दहा-बारा नग चढत असतील तर ती टोपली सोडून पुढे जा. किलोला तीन-चार बसणारा, वीतभर लांबीचा पापलेट घ्या. कायद्याची मर्यादा ही शेवटची पायरी आहे, त्याच्या खाली उतरायचं नाही एवढाच तिचा अर्थ. त्या लांबीला मासा वयात आलेला असतो असं नाही.

मग कापरी घ्यावा का? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. लहान नको म्हणून सर्वांत मोठा बरा, असं वाटतं. पण माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं, आणि बहुतेक प्रजातींत मोठी मादी वजनाच्या प्रमाणापेक्षाही जास्त अंडी देते. किलोभराची एक मादी आणि पाव-पाव किलोच्या चार माद्या तराजूत सारख्या भरतात, पण पुढच्या पिढीच्या हिशेबात सारख्या नसतात. शिवाय मोठ्या, अनुभवी माद्यांच्या अंड्यांतून निघणारी पिल्लं अनेक प्रजातींत जास्त दणकट असतात. त्यामुळे साठ्याच्या दृष्टीने उत्तर रकान्याच्या मधोमध आहे : ‘मध्यम’ आणि ‘मोठे’. कापरी वर्षातून एखाद्या सणाला घ्या, भिला कधीच नको. पाहुण्यांच्या ताटात प्रत्येकी एक अख्खा पापलेट दिसावा या हौसेपायी लहान पापलेटाला मागणी येते. दोन मध्यम पापलेटांचे आडवे तुकडे करून चौघांना वाढले तर चव तीच राहते आणि चारऐवजी दोनच मासे समुद्रातून निघतात.

सुरमईचं गणित वेगळं, कारण ती बहुतेकदा तुकडीनेच विकली जाते. गणेश पेठेत अख्खी सुरमई समोर कापून देतात, हा मोठा फायदा. तरी कापलेली तुकडी घ्यायची वेळ आली तर तुकडीवरून मासा ओळखता येतो. सुरमईच्या शरीराची पाठीपासून पोटापर्यंतची उंची तिच्या लांबीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी असते. मधल्या भागाची तुकडी ६-७ सेंटिमीटर उंच असेल तर तो मासा कायद्याच्या ३७ सेंटिमीटरच्या काठावरचा होता. मोठ्या जातीची सुरमई वयात येते ती दोन फुटांच्या पुढे गेल्यावर, म्हणजे मधली तुकडी ११-१२ सेंटिमीटर तरी भरायला हवी. साधारण तळहाताच्या रुंदीपेक्षा मोठी. शेपटीकडची तुकडी अर्थातच लहान असते, म्हणून पोटाची पोकळी दिसणारी तुकडी उचलून मोजा. ‘छोटी सुरमई, स्वस्त लावते’ असं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या की समजा, मासा वाढीच्या ऐन भरात पकडला गेला आहे. तोच मासा पुढच्या वर्षी कितीतरी जास्त वजनाचा झाला असता आणि मच्छीमारालाही जास्त पैसे देऊन गेला असता. याला वाढीचं नुकसान म्हणतात, आणि ते साठा संपण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

रावसाची गोष्ट या दोघांपेक्षाही विलक्षण आहे. भावाच्या यादीत ‘रावस लहान’ आणि ‘रावस मोठा’ असे दोन प्रकार असतात. पण रावस जन्मभर एकाच लिंगाचा राहत नाही. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि वाढला की मादी होतो. त्यामुळे मोठा रावस जवळपास नेहमीच मादी असते. सगळे मोठे उचलले तर अंडी देणारं कोणी उरत नाही. सगळे लहान उचलले तर मादी होण्याइतकं कोणी जगत नाही. अशा माशाला दोन्ही बाजूंनी मार बसतो. रावस खायचाच असेल तर क्वचित, आणि दोन-तीन किलोंच्या मोठ्या माशाचा मोह टाळून. जिताड्याचंही असंच लिंगबदलाचं चक्र आहे, पण रायगडकडे तो तळ्यांत वाढवतात. तळ्यातला जिताडा मिळाला तर तो रावसाला चांगला पर्याय आहे, भाव मात्र चढा असतो.

हे सगळं इतकं नेटाने का बघायचं, ते एका छोट्या हिशेबावरून स्पष्ट होईल. समजा एका समुद्रपट्ट्यात एखादा मासा जास्तीत जास्त १,००० टन मावतो आणि विरळ असताना तो वर्षाला ४० टक्क्यांनी वाढू शकतो. साठा ९०० टन असेल तर जागा आणि खाद्य अपुरं पडतं, वर्षाची वाढ फक्त ३६ टन. साठा ५०० टन असेल तर वाढ १०० टन, आणि हीच सर्वांत जास्त. २०० टनांवर ती ६४ टन. म्हणजे ५०० टनांवर साठा राखून दरवर्षी १०० टन काढले तर ते कायम काढता येतात. शास्त्रज्ञ याला कमाल शाश्वत उत्पादन म्हणतात. आता एखाद्या वर्षी पाणी जास्त तापलं, पिल्लं कमी जगली आणि साठा ४०० टनांवर आला. त्या वर्षी वाढ ९६ टन. होड्यांनी मात्र नेहमीचे १०० टनच काढले. तूट चारच टनांची. पण पुढच्या वर्षी साठा ३९६, वाढ आणखी थोडी कमी, तूट थोडी जास्त. सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही आणि नंतर घसरण वेग घेते. म्हणून कमाल उत्पादनाच्या टोकावर बसायचं नसतं, थोडं आधीच थांबायचं असतं.

यात आणखी एक अडचण आहे आणि ती थेट पुण्याशी जोडलेली आहे. समुद्रात मासा कमी झाल्याचं बाजारात लगेच दिसत नाही. मासे थव्याने राहतात, साठा निम्मा झाला तरी उरलेले एकत्रच सापडतात आणि जाळं भरतं. होड्या पुढे, खोल पाण्यात जातात. आणि पुण्यापुरतं बोलायचं तर रत्नागिरीला कमी मिळालं की गुजरातेतल्या वेरावळची गाडी येते, तिथे कमी पडलं की पूर्व किनाऱ्याची. फळीवर बर्फ आणि मासा कायमच भरलेला असतो. समुद्राकाठच्या गावाला आपल्या खाडीतला तुटवडा लगेच कळतो, किनाऱ्यापासून लांब, आतल्या शहराला तो फक्त भावातून कळतो, तोही उशिरा. म्हणूनच ‘खोल समुद्रातील मासळी’ असा एकच ढोबळ मथळा पुरेसा नाही. बंदराचं नाव हवं.

मुंबईच्या समुद्रात हे एकदा पूर्ण घडून गेलं आहे. तिथे चपटी, लांब मिशा नसलेली वाळूतली शेवंड, म्हणजे लॉबस्टर, ट्रॉलरच्या (मोठं जाळं ओढत नेणाऱ्या होडीच्या) जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर येत असे. अंडी बाळगणाऱ्या माद्याही त्याच जाळ्यांत येत होत्या. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती शेवंड जवळपास दिसेनाशी झाली. शेवंडीची मादी अंडी कित्येक आठवडे पोटाखाली चिकटवून फिरते, त्यामुळे एक मादी उचलली की तिची पुढची पिढीही तिच्यासोबत जाते. गणेश पेठेत आज लॉबस्टर मिळते ती महाग असते, आणि पोटाखाली केशरी-तपकिरी दाणे दिसले तर ती घेऊ नका, एवढंच सांगणं आहे. चिंबोऱ्यांनाही तोच नियम. चिंबोरी उलटी करून पोटावरची झडप बघा : अरुंद, टोकदार झडप नराची, रुंद आणि गोलाकार झडप मादीची. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हे घरोघरी ठाऊक असतं आणि लाखेने, म्हणजे आतल्या केशरी अंड्यांनी, भरलेली मादीच मुद्दाम मागून घेतली जाते. नर घ्या. त्याच्या नांग्यांत मांस जास्त असतं, रस्सा तितकाच चांगला होतो.

मोरीच्या बाबतीत थोडं थांबून बघायला हवं. शार्क माशांची पिल्लं मोजकी असतात, अनेक जाती वयात यायला बरीच वर्षं घेतात, त्यामुळे हाडांच्या माशांना लागू पडणारं गणित त्यांना लागू पडत नाही. तरी सगळ्या मोऱ्या सारख्या नाहीत. आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त येणारी छोटी, चपट्या फावड्यासारख्या नाकाची मुशी लवकर वयात येते आणि बऱ्यापैकी टिकून आहे. अडचण अशी, की हातोड्यासारख्या डोक्याच्या किंवा इतर मोठ्या जातींची पिल्लंही त्याच आकाराची असतात आणि डोकं कापून, कातडी सोलून ठेवली की दोघी एकसारख्या दिसतात. म्हणून मोरी घ्यायची तर डोक्यासकट बघून घ्या. नाक चपटं आणि फावड्यासारखं नसेल, किंवा डोकंच नसेल, तर सोडून द्या.

आता मन मोकळं करून खाता येईल असा भाग. बांगडा, तारली, पेडवी, मांदेली. हे मासे लवकर वाढतात, वर्षभराच्या आसपास वयात येतात, दोन-तीन वर्षांत त्यांचं आयुष्य संपतं. अशा साठ्याला फटका बसला तरी तो लवकर सावरतो. आणि किमतीच्या मानाने पोषण सर्वांत जास्त याच माशांत आहे. लहान, काट्यांचे आणि ‘वासाचे’ म्हणून शहरात त्यांच्याकडे पाठ फिरवली जाते, हे मात्र खरोखर वाईट वाटण्यासारखं आहे. कारण माणसांनी न खाल्लेली तारली खाद्याच्या कारखान्यात दळली जाते आणि कोळंबीच्या तळ्यात जाते. अर्थात लवकर वाढणारा मासा म्हणजे कायम भरपूर असं नाही. केरळात तारली २०१२ मध्ये चार लाख टनांच्या आसपास मिळाली होती, २०२१ मध्ये ती सुमारे ३,३०० टनांवर आली. मासेमारी, पाण्याचं तापमान, पिल्लांचं जगणं, सगळ्यांचा त्यात वाटा होता. त्यामुळे या माशांना नियम एकच : ज्या वर्षी भरपूर आणि स्वस्त, त्या वर्षी भरपूर खा. भाव अचानक चढला तर तो समुद्राचा निरोप समजा आणि दुसरीकडे वळा.

ओले बोंबील पुण्यात येईपर्यंत नाजूक होतात. ते मोबाइलपेक्षा थोडे लांब असावेत, त्याहून आखूड असतील तर डोळ जाळ्यात आलेली पिल्लं आहेत. डोळ जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहात ताणून ठेवतात आणि त्याच्या टोकाची आस (जाळ्याचं भोक) बारीक असेल तर प्रवाहाबरोबर जे येईल ते सगळं अडकतं. तिसऱ्या आणि खुबे हाताने वेचले जातात, पाणी गाळून खातात, त्यांना वेगळं खाद्य लागत नाही. ते निर्धास्त घ्या.

जाळ्याचा विषय निघालाच आहे, तर बाजारात उभं राहून तोही थोडाफार ओळखता येतो. टोपलीतले सगळे मासे जवळपास एकाच मापाचे असतील आणि कल्ल्यामागे गळ्याभोवती दोऱ्याचा पुसट वळ दिसत असेल, तर तो मासा बहुधा तरत्या किंवा उभ्या जाळ्यात अडकलेला आहे. अशा जाळ्याच्या आसातून लहान मासा निसटतो आणि फार मोठा अडकतच नाही, त्यामुळे निवड आपोआप होते. एकाच ढिगात बोटभर ते हातभर सगळ्या मापाचे आणि पाच-सहा जातींचे मासे दाबलेले, खवले निघालेले दिसले, तर तो ट्रॉलरच्या पिशवीतला माल असण्याची शक्यता जास्त. ट्रॉलरच्या पिशवीच्या टोकाला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावायची असते. पत्त्यांतल्या चौकटच्या, तिरप्या आकाराची आस ताण बसला की मिटते, चौकोनी उघडी राहते आणि पिल्लं बाहेर पडतात. एवढ्या साध्या बदलाने किती फरक पडतो, हे ढिगाकडे बघून कळतं. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तीही याच कारणासाठी. उजेडाकडे थवाच्या थवा येतो, मोठा-लहान असा भेद राहत नाही.

कोळंबीत दोन वेगळे प्रकार एकाच फळीवर मांडलेले असतात. एकसारख्या मापाची, फिकट पांढरट, ‘तीस-चाळीस काउंट’ (किलोला तीस-चाळीस नग) म्हणून विकली जाणारी ती बहुतेकदा तळ्यातली वनामी. २००९ पासून भारतात तिची शेती सुरू झाली आणि आंध्र त्यात सर्वांत पुढे आहे. समुद्रातली कोळंबी मापाने कमी-जास्त, रंगाने गडद, आणि तिच्यासोबत जाळ्यात येणारा इतर जीवांचा ढीग कोळंबीपेक्षा कितीतरी मोठा असतो. चवीला समुद्राची सरस, हे मान्य. साठ्याच्या दृष्टीने वनामी बरी, पण तिच्या खाद्यात वर सांगितलेली बारीक मासळी असते, म्हणून तिला पूर्ण गुण देता येत नाहीत. सोललेली करंदी घेताना निम्म्याच्या आसपास वजन टरफलात गेलेलं असतं, भाव ठरवताना तेवढं लक्षात ठेवा.

पूर्ण गुण द्यायचेच तर रोहू-कटल्याला. एकाच तळ्यात कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी खातो. खाद्य मुख्यतः भाताचा कोंडा आणि पेंड. समुद्रातून काढलेला मासा त्यांना फारसा खायला घालावा लागत नाही. काटे जास्त म्हणून पुण्यात त्यांना दुय्यम समजतात. त्यांचे आडवे तुकडे अर्ध्या इंचाहून पातळ करून घेतले आणि नीट कुरकुरीत तळले तर बारीक काटे बोचत नाहीत.

नदीच्या मासळीकडे विशेष लक्ष द्यायला हवं, कारण तिथे साठा आपल्याच अंगणातला आहे. वाम, मरळ, शिवडा, खवली हे भीमेच्या खोऱ्यातले मासे. दख्खनी महसीर या माशाचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश अधिकारी साइक्सने १८३९ मध्ये केलं ते पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून. ज्या नदीच्या पाण्यावर एका प्रजातीची जगाला ओळख झाली, त्या नदीची आज शहरातली अवस्था सर्वांना दिसते. पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे पकडायची आपल्याकडे जुनी हौस आहे, आणि जून-जुलैत गाभोळीने भरलेली नदीची मासळी बाजारात आवडीने घेतली जाते. साठ्याला सर्वांत जास्त दुखापत याच खरेदीने होते. चढणीचा मासा अंडी घालायला निघालेला असतो, एक मादी म्हणजे हजारो अंडी. या दोन महिन्यांत नदीचा मासा घेऊ नका. एरवी वाम आणि मरळ घ्यायला हरकत नाही, मरळ तर वाटेल तेवढा तग धरणारा, हवेतही श्वास घेणारा मासा.

उजनीच्या चिलापीला साठ्याच्या बाजूने काहीच आक्षेप नाही. ही आफ्रिकेतून आलेली जात. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षात अनेकदा विते, आणि स्थानिक माशांची जागा बळकावते. चिलापी जितकी निघेल तितकं बरं. पण पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून त्याच जलाशयात जातं, म्हणून रोजच्या रोज ती खाऊ नये, लहान मुलांच्या ताटात तर जपूनच.

वर्षाच्या चक्राबद्दल थोडं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून. पुण्यातली गटारीची मोठी मागणी बहुतेक वर्षी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येते, म्हणजे नेमकी आपल्या किनाऱ्याची बंदी चालू असताना किंवा नुकती उठल्यावर. त्या दिवशी फळीवर पापलेट-सुरमई भरपूर दिसली तर ती एकतर शीतगृहातली, नाहीतर पूर्व किनाऱ्याची. बंदी मोडून पकडलेली असण्याचीही शक्यता असतेच, म्हणून विचारा. ‘ओडिशाची’, ‘आंध्रची’, ‘बर्फातली’ असं सरळ उत्तर मिळालं तर ठीक. जून-जुलैत सुरक्षित खरेदी म्हणजे रोहू, कटला, वनामी, तिसऱ्या आणि सुकी मासळी. बंदी उठल्यावर श्रावण पाळणारे बाजारातून बाहेर पडतात आणि पहिल्या होड्यांचा मासा तुलनेने स्वस्त मिळतो. श्रावण न पाळणाऱ्यांसाठी बांगड्याचे खरे दिवस तिथून सुरू होतात.

घरपोच मासे देणाऱ्या ॲपशी तुलना करायची तर थंडाव्याची साखळी त्यांची चांगली, मासा वाया कमी जातो, आणि वाया न जाणं हाही टिकाऊपणाचाच भाग आहे. पण बहुतेक पाकिटांवर वजन आणि तुकड्यांची संख्या असते, जातीचं नेमकं नाव, बंदर आणि जाळं नसतं. तुकडी कुठल्या मापाच्या सुरमईची, ते कळायला मार्ग नाही. बिनकाट्याच्या पांढऱ्या फिलेत बासा आहे की दुसरं काही, हेही चवीवरून ओळखणं कठीण. ॲपवरून मागवायचंच असेल तर ‘अख्खा, न कापलेला’ हा पर्याय आणि नगाचं वजन दिलेलं पाकीट निवडा. पापलेट २५० ग्रॅमच्या पुढचा मागवा. घाऊक खरेदी करणाऱ्या या कंपन्यांना बंदराचं नाव छापणं बाजारातल्या फळीवाल्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, त्यामुळे त्यांच्याकडे ही मागणी लावून धरायला हवी.

हे सगळं वाचून समुद्र संपलाच असं वाटायला नको. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये देशातले १३५ साठे तपासले, त्यांतले ९१.१ टक्के सुस्थितीत आढळले. म्हणजे गिऱ्हाइकाच्या निवडीला अजून अर्थ आहे.

गणेश पेठेत जायचं तर रविवार टाळून सकाळी लवकर जा, गर्दी नसली की बोलायला वेळ मिळतो. विचारायचे प्रश्न तीनच : ‘मावशी, कुठल्या बंदराचा? कधी आला? कसल्या जाळ्याचा?’ पहिल्या दोहोंचं उत्तर बहुतेक जणी लगेच देतात, तिसऱ्याला थोडा विचार करतात. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याला उत्तर तयार असतं. साफ करून घेताना पापलेटाचं चौथाई, बांगड्याचं तिसरा हिस्सा वजन जातं हे धरून खरेदी करा, आणि सुरमईचं डोकं सोडून येऊ नका, त्याचं सार उत्तम होतं. एक किलो माशाला एक किलो बर्फ, हे प्रमाण घरी पोचेपर्यंत ठेवा. थंड पिशवी आणि बर्फ दोन्ही घरूनच न्या. मार्च ते मे या महिन्यांत दुचाकीवर अर्धा तास बिनबर्फाचा बांगडा घरी पोचेपर्यंत मऊ पडतो, आणि मग वीतभर लांबीचा निवडून घेतलेला मासाही कचऱ्यातच जातो.